चार नंबरचे चौसष्ट

पेन्सिलींच्या एका कारखान्यात एक माणूस एकतीस वर्षं नुसतं बघायचं काम करत होता, असं सांगितलं तर कोणालाही हेवा वाटेल. यंत्र चालवायचं नाही, ओझं उचलायचं नाही, कोणावर ओरडायचं नाही. दर दोन तासांनी वही काखेत मारून निघायचं, बॉयलरपासून रंगाच्या लाइनीपर्यंत सगळ्या यंत्रांवरचे मीटर बघायचे, काटा जिथे असेल तो आकडा लिहायचा, आणि परत येऊन चहा प्यायचा. कारखाना त्यांना नोंदकाका म्हणत असे. खरं नाव हजेरीच्या पुस्तकात होतं, पण ते पुस्तकही काकाच लिहीत, त्यामुळे ते दुसऱ्या कोणाच्या नजरेस पडायचा प्रश्नच नव्हता.

पण बघायचं काम दिसतं तितकं सोपं नाही. काट्याकडे अगदी समोरून बघावं लागतं. जरा डावीकडे सरकलात की एक आकडा, उजवीकडे सरकलात की दुसरा. म्हणून प्रत्येक मीटरसमोर काकांची उभं राहायची जागा ठरलेली होती, आणि तिथल्या फरशीला त्यांच्या चपलांनी दोन खळगे पडलेत असं बॉयलरवाला सांगे. बॉयलरवाला सांगेल त्यातलं निम्मं सोडून द्यायचं असतं, पण खळगे खरे होते.

आणि वहीत न पाहिलेला आकडा कधी नाही. एकदा गोंदाच्या प्रेसवरच्या मीटरचा काटाच गळून पडला. तेव्हाचे साहेब म्हणाले, "रोजचाच लिहा हो, कोण बघतंय?" काकांनी त्या रकान्यात लिहिलं, 'काटा खाली पडलेला आहे.' मीटर बदलेपर्यंत तीन दिवस, दर दोन तासांनी, तेच वाक्य, त्याच सुबक अक्षरात.

अशा माणसाच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. दोन्ही डोळ्यांत. एकात झाला असता तर दुसऱ्याने सांभाळून घेतलं असतं.

आधी काट्यांना लव फुटल्यासारखी दिसायला लागली. मग डायलवर कोणी दूध सांडून ठेवलंय असं वाटू लागलं. काका काच पुसत, चष्मा पुसत, परत काच पुसत. घरी तर रोज नवा तमाशा. एका सकाळी त्यांनी गॅलरीत वाळत घातलेल्या उशीला बराच वेळ 'शुक, शुक' करून हाकलायचा प्रयत्न केला.

"अहो," काकू आतून म्हणाल्या, "जाणार नाही ती. आपलीच आहे."

"मला वाटलं मांजर."

"मांजर असतं तर कंटाळून केव्हाच गेलं असतं. चला डॉक्टरांकडे."

डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. अर्ध्या तासाचं काम, म्हणाले, मग थोडे दिवस विश्रांती, नंतर दुसरा डोळा. काका त्यावर 'बघू' म्हणाले, जे त्या परिस्थितीत जरा धाडसाचंच होतं. त्यांना भीती ब्लेडची वाटत नव्हती. म्हणजे वाटत होती, पण ती दुसऱ्या नंबरवर. पहिली भीती वेगळीच होती. आपण महिनाभर रजेवर गेलो, आणि आपल्यावाचून कारखान्याचं काहीच अडलं नाही तर?

तेव्हा काकांनी ठरवलं, निवृत्तीपर्यंत कोणाला कळू द्यायचं नाही. डोळे काय, नंतर करता येतील.

आणि इथे एक चमत्कार घडला, ज्याचा काकांनी कधी खोलात जाऊन विचार केला नाही. चमत्काराच्या खोलात जाऊ नये हे त्यांना कळत होतं. त्यांनी बॉयलरसमोर उभं राहावं, चष्मा काढावा, पुसावा, "हं…" असा लांब सूर लावावा, आणि तेवढ्यात बॉयलरवाल्याने ओरडावं, "काका, साडेसहावर जाऊन बसलीय बघा! जावयासारखी! हलायचं नाव नाही!" प्रेसवर जावं तर प्रेसवाला म्हणे, "या काका, एकशेवीस! प्रेशर सांगतोय, वजन नाही." चार नंबरच्या ड्रायरवर लाकडी पट्ट्या वाळवणारी बाई होती. बुटकी, कामाला वाघीण, तोंडाने त्याहून. ती आपली स्वतःशीच बोलल्यासारखी पुटपुटे, "चौसष्टच्या वर जात नाही मेला आज."

काका लिहीत. चौसष्ट. त्यांना वाटे, काय बडबडी माणसं आहेत, आणि किती सोयीची! त्या प्रत्येकाला मात्र वाटत होतं की काकांना दिसत नाही हे फक्त आपल्यालाच माहीत आहे. असं सगळ्या कारखान्याने एक गुपित आपापल्या कपाटात स्वतंत्रपणे कुलूपबंद करून ठेवलं होतं. कोणी कोणाशी ठरवलं नव्हतं. ठरवलं असतं तर दोन दिवसांत भांडणं झाली असती.

दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं. मग कॉम्प्युटर आला.

कॉम्प्युटर वरच्या मजल्यावर एका थंड खोलीत बसला, आणि खाली प्रत्येक यंत्राला काडेपेटीएवढी एक डबी आली. त्या डबीतला सेन्सर यंत्राचं तापमान नाहीतर दाब मोजणार, वायरीने वर पाठवणार, आणि वर मोठ्या पडद्यावर अख्खा कारखाना एकदम दिसणार. डब्या बसवायला माणसं आली, नकाशे उघडून जागा शोधल्या, भोकं पाडून गेली. मग कॉम्प्युटरबरोबर एक इंजिनियर पोरगी आली. ती पहिल्याच दिवशी काकांना शोधत त्यांच्या टेबलापाशी आली.

"काका, मला तुमच्या वह्या लागतील. एक महिना वही आणि कॉम्प्युटर दोन्ही चालू ठेवायचे. आकडे जुळले की कॉम्प्युटर पास."

"आणि नाही जुळले तर?"

"तर कोण चुकतंय ते शोधायचं."

"तो किती वेळाने बघतो?"

"दर पाच सेकंदांनी."

"पाच सेकंदांत काय होणार आहे गं तिथे?" काका खरंच काळजीने म्हणाले. "मी दोन तासांनी जातो, तरी बिचारी यंत्रं होती तिथेच असतात."

पोरगी हसली. काकांना ती आवडली, पण त्या रात्री ते जेवले नाहीत. महिनाभर आपली वही कोणीतरी ओळीने तपासणार. त्या वहीतला एकही आकडा आपल्या डोळ्यांचा नाही, हे जगात फक्त आपल्याला माहीत आहे, आणि महिन्याने ते सगळ्यांना कळणार. निवृत्तीला चौदा महिने उरले होते.

पहिले तीन आठवडे आकडे जुळत गेले. बॉयलर जुळला, प्रेस जुळली, रंगाची लाइन जुळली. पोरगी रोज येऊन सांगे, "काका, कमाल आहे तुमची, एका आकड्याचा फरक नाही!" आणि काका कसनुसं हसून वही मिटत. दुसऱ्याच्या पोराने नंबर काढावा आणि पेढा आपल्या तोंडात यावा, तसं त्यांना होई.

मग चार नंबरचा ड्रायर फिसकटला. वही म्हणे चौसष्ट, कॉम्प्युटर म्हणे अठ्ठ्याहत्तर. एक दिवस नव्हे, पहिल्या दिवसापासून. पोरीने तो शेवटी ठेवला होता, आपलंच काहीतरी चुकत असेल म्हणून. नेमकी त्याच सुमाराला कुठल्याशा शाळेकडून तक्रार आली की पेन्सिलींना टोक काढताना लाकूड उभं चिरतंय. पट्ट्या सत्तरच्या वर तापल्या की तसं चिरतं. साहेबांनी दोन आणि दोन चार केले आणि ड्रायरबाईला वर बोलावलं. काकांनाही बोलावलं, वहीसकट.

"सरळ विचारतो," साहेब म्हणाले. "काम लवकर उरकावं म्हणून तुम्ही ड्रायर जास्त तापवता का?"

"मी?" बाई दोन पायऱ्या चढून आल्यासारखी उंच झाली. "साहेब, माझ्या चुलीवर दूध उतू जात नाही, ड्रायर काय जाईल! खोटं वाटत असेल तर खाली येऊन मीटर बघा."

"आज बघून काय उपयोग? आज तुम्ही कमीच ठेवाल. प्रश्न महिनाभराचा आहे. कॉम्प्युटर अठ्ठ्याहत्तर म्हणतो. हे खरं निघालं तर तुम्हाला ड्रायरवर ठेवता येणार नाही, पॅकिंगला बसावं लागेल." मग ते काकांकडे वळले. "काका, आता सगळं तुमच्या वहीवर आहे. ही नोंद तुम्ही स्वतः मीटर बघून करता ना?"



काकांच्या मनात दोन वाक्यं होती. 'नाही साहेब, बाई सांगतात आणि मी लिहितो,' हे खरं वाक्य. पण ते म्हटलं की बाईची साक्षीदार बाईच उरत होती. कोण विश्वास ठेवणार? आणि दुसरं वाक्य खोटं. ज्या माणसाने तीन दिवस 'काटा खाली पडलेला आहे' असं लिहिलं, त्याला ते तोंडातून काढायला जड जात होतं.

"हो," काका म्हणाले. "स्वतःच्या डोळ्यांनी."

बाईने मान खाली घातली.

"मग सोपं आहे," इंजिनियर पोरगी उत्साहाने उठली. तिच्या हातातल्या फोनवर कॉम्प्युटरचे आकडे दिसत होते. "या क्षणी कॉम्प्युटर अठ्ठ्याहत्तर दाखवतोय. आपण खाली जाऊ, काका आत्ता मीटर वाचतील. मी अजून तो मीटर बघितलेलाच नाही."

बाईने जीभ चावली. पण निघालेली वरात थांबवणार कशी?

खाली आले. चार नंबरच्या मागची बोळ अंधारी, गरम, लाकडाच्या वासाने भरलेली. काका आपल्या खळग्यांत जाऊन उभे राहिले. चष्मा काढला. पुसला. घातला. समोर बघितलं. दूध सांडलेलं होतं, नेहमीसारखं. "हं…" काकांनी सूर लावला आणि वाट बघितली.

बाई गप्प. साहेब शेजारी उभे असताना पुटपुटणार कशी? बॉयलरवाला कसलंसं निमित्त काढून दाराशी आला होता, तोही गप्प. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या बोळात कोणी काही बोलत नव्हतं. काकांचा सूर संपला. त्यांनी दुसरा लावला. तोही संपला.

"चौसष्ट," काका म्हणाले.

बॉयलरवाल्याने डोळे मिटून घेतले. कारण काका ज्याच्याकडे बघून चौसष्ट म्हणाले होते, तो मीटर नव्हता. ते एक पत्र्याचं गोल झाकण होतं, दोन बोल्ट मारलेलं. दीड वर्षापूर्वी ड्रायरचा गरम हवेचा पाइप बदलला, तेव्हा जुना मीटर काढून वर, कोपऱ्यात, डोक्याच्याही वर बसवला होता आणि जुन्या भोकावर झाकण ठोकलं होतं. दीड वर्ष काका दर दोन तासांनी त्या झाकणाचं वाचन करत होते.

साहेब पुढे वाकले. साहेबांचा जवळचा चष्मा वर ड्रॉवरमध्ये होता. आपल्याला तो लागतो हे कारखान्यात कोणालाच माहीत नाही, अशी त्यांची समजूत होती. त्यांनी झाकणाकडे डोळे बारीक करून बघितलं, मागे सरकून बघितलं, आणि घसा साफ केला.

"हं. चौसष्टच वाटतंय."

इंजिनियर पोरीचे डोळे मात्र बावीस वर्षांचे होते. तिने झाकणाकडे बघितलं, काकांकडे बघितलं, मग बाईकडे बघितलं. बाईने नुसती हनुवटी वर केली. वरच्या मीटरखाली भिंतीशी एक लाकडी खोका उपडा ठेवलेला होता, चढून चढून मधोमध झिजलेला. पोरगी त्यावर चढली, टाचा उंचावल्या, काच बोटाने पुसली. मग खाली झाकणाकडे बघत ती हळूच म्हणाली, "अगंबाई!"

"काय झालं?" साहेब म्हणाले.

"मीटर चौसष्टच आहे साहेब. कॉम्प्युटर चुकतोय." ती खाली उतरली आणि झाकणाला लागूनच बसवलेल्या डबीवर तिने बोट ठेवलं. "आमच्या माणसांनी जुना नकाशा बघून सेन्सर इथे बसवला. पण मधे पाइप बदललाय, गरम हवा आता इथूनच आत शिरते. त्यामुळे तो हवेचं तोंड मोजतोय, पट्ट्या नाही. बाईंची काही चूक नाही. माझी आहे, मी खाली येऊन बघायला हवं होतं. शाळेच्या तक्रारीचं दुसरं काही असेल, ते बघू."

साहेबांचा जीव भांड्यात पडला. चिरलेल्या पेन्सिली राहिल्या बाजूला, पण आपणही झाकणच वाचलं हे कोणी बोलून दाखवलं नाही, याचा त्यांना जास्त आनंद झाला असावा. "छान, छान," म्हणून ते वर गेले.

काका तिथेच उभे होते. त्यांना आकड्याचं कौतुक नव्हतं.

"पोरी," ते म्हणाले, "तुझा आवाज वरून का आला?"

काकांनी हात पुढे केला. काचेच्या जागी बोटांना पत्रा लागला. एक बोल्ट लागला. चाचपत गेले तर दुसरा.

"कधीपासून?"

"दीड वर्ष होईल," बाई म्हणाली.

"आणि मी रोज…"

"इतकं मन लावून बघायचात हो काका! मान अशी डोलवायचात की वाटायचं, झाकणालाच ताप आलाय आणि तुम्ही नाडी बघताय. कसं सांगायचं? मग म्हटलं, बघू देत. आकडा मी देतेच आहे."

"त्या खोक्यावर चढून?"

"माझी उंची काय तुमच्यामुळे कमी झालीय का? चढते झालं."

"मला यातलं काही माहीत नव्हतं," बॉयलरवाला दारातून घाईने म्हणाला. "म्हणजे माहीत होतं, पण मला वाटायचं मलाच माहीत आहे."

काकांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसायला घेतला. बराच वेळ पुसत राहिले. मग म्हणाले, "तो वरचा कॉम्प्युटर आणि मी, दोघंही नाहीशा झालेल्या मीटरपाशी उभे होतो. मला निदान सांगणारं माणूस होतं. त्याला तेही नाही." आणि वही घेऊन ते जिना चढायला लागले.

"कुठे निघालात?" बाई म्हणाली.

"साहेबांकडे. एक खोटी नोंद झालीय, दुरुस्त करून येतो."

साहेबांनी ऐकून घेतलं. स्वतःच्या डोळ्यांनी नाही, दोन वर्षांत एकही आकडा स्वतःच्या डोळ्यांनी नाही, असं काका उभ्याउभ्या सांगत होते, आणि साहेब टेबलावरचा पेपरवेट फिरवत होते. तुमची काय ती कारवाई करा, पण वाचलेले आकडे खरे आहेत, वाचणारी माणसं खरी आहेत, तेवढी त्यांना झळ लागू देऊ नका.

साहेबांनी ड्रॉवर उघडला, आतला चष्मा काढला आणि नाकावर ठेवला. "बसा काका," ते म्हणाले. "ऑपरेशनला कधी जाताय?"

"रजा…"

"दिली. वही तशीही एक तारखेला बंद होतेय. परत आलात की या मुलीबरोबर फिरायचं. सगळे सेन्सर जुन्या नकाशावर बसलेत म्हणते. कुठला मीटर कधी कुठून कुठे हलला, ते तुमच्यासारखं कोणाला ठाऊक आहे?"

"गेल्या दोन वर्षांचं मला नाही ठाऊक साहेब."

"ते खालच्यांना विचारा. त्यांना बरंच माहीत असतं असं दिसतंय."

संध्याकाळी काकांनी घरी सगळं सांगितलं. काकूंनी ऐकलं, ताट वाढलं आणि म्हणाल्या, "म्हणजे मी दोन वर्षं सांगतेय ते नाही पटलं, आणि एका झाकणाने पटवलं. बरं. झाकणाचे उपकार." पण वाढताना त्यांनी काकांच्या हाताला धरून वाटी कुठे आहे ते दाखवलं, आणि पहिल्यांदाच काकांनी हात सोडवून घेतला नाही.

दुसरा दिवस महिन्याचा शेवटचा. वहीची शेवटची फेरी. काका निघाले आणि बॉयलरसमोर उभे राहिले. चष्मा काढला. पुसला.

बॉयलरवाला गप्प. तो भिंतीकडे बघत होता, जमिनीकडे बघत होता, त्याच्यासारख्या माणसाला शोभणार नाही इतका गप्प होता. पलीकडे प्रेसवाल्याने उगाच मान खाली घालून पाना घासायला घेतला. गुपित फुटल्यापासून सगळ्यांना आकडा सांगायचीच लाज वाटायला लागली होती. आता सांगितलं तर काकांना वाटणार, कीव करतात.

काका उभेच. हा सूर कितीही लांबवला तरी पुरणार नाही हे त्यांना कळलं. मोतीबिंदू झाल्यापासून जे वाक्य त्यांनी काकूंनाही म्हटलं नव्हतं, ते त्यांनी बॉयलरच्या धडधडाटात म्हटलं.

"अरे, किती आहे ते सांग. मला दिसत नाहीये."

बॉयलरवाल्याने असा श्वास सोडला की जणू तोच बॉयलर. "सहा पूर्णांक चार, काका! आज जरा रुसलीय!" आणि मग पलीकडून प्रेसवाला, त्याच्यापुढची रंगवाली, एकदम सगळे सुरू झाले. "एकशेअठरा!" "अहो थांबा, एकेक, मला लिहू द्या!" काका ओरडत होते, आणि गेल्या दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांचं अक्षर कसं आलंय याची त्यांना पर्वा नव्हती.

चार नंबरवर ते आले तेव्हा बाई पट्ट्या रचत होती.

"बाई, किती?"

"थांबा, चढते."

खोका करकरला. काकांनी वही बगलेत धरली आणि दोन्ही हातांनी खोका घट्ट पकडला. आजपर्यंत तो कोण धरत होतं, देव जाणे. वर काच पुसल्याचा आवाज झाला.

"पासष्ट," बाई म्हणाली. "एक वाढलाय. दिसतंय मला नीट, पासष्टच."

काकांनी ती खाली उतरेपर्यंत खोका सोडला नाही. मग लिहिलं, पासष्ट.